न जुळणारी नोंद

विज्ञानाचा इतिहास सहसा शोधांच्या तारखांनी लिहिला जातो. आम्हांस मात्र त्याच्या दप्तरातील अशा नोंदींचे अधिक अप्रूप वाटते, ज्या लिहिल्या गेल्या तेव्हा कोणत्याच रकान्यात बसत नव्हत्या. प्रकाशाच्या प्रकीर्णनाच्या इतिहासात अशा दोन नोंदी आढळतात.

पहिली कलकत्त्याची. १९२३ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन पाण्यातून विखुरलेला प्रकाश तपासत असता त्यांना मूळ रंगाहून निराळा असा एक मंद अंश दिसला. अशुद्धतेमुळे उमटलेले ते क्षीण प्रतिदीपन मानले गेले. परंतु द्रव पुनःपुन्हा शुद्ध करूनही तो अंश जाईना. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन व के. एस. कृष्णन यांच्या प्रयोगांतून त्याचा उलगडा झाला. पदार्थातील रेणू कंप पावत असतात. प्रकाश त्या कंपनास थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो, आणि तेवढाच त्याचा रंग पालटतो. हा पालट मोजला की कंपनाची कंप्रता कळते.

दुसरी नोंद अतिसंवाहकांची. १९११ साली लायडन येथे कामरलिंग ओनस यांना अतिशीत पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झालेला आढळला. १९५७ साली बार्डीन, कूपर व श्रीफर यांनी त्याचे कारण सांगितले: इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात, आणि जोडी फोडण्यास ठरावीक किमान ऊर्जा लागते. ही ऊर्जा विखुरलेल्या प्रकाशात दिसावी, असे गणित १९६१ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ आब्रिकोसोव्ह व फाल्कोव्स्की यांनी मांडले.

१९८० साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सूर्यकुमार व क्लाइन यांनी नायोबियम डायसेलेनाइडच्या स्फटिकावर लेसरचा प्रकाश सोडला. सुमारे ३३ केल्व्हिनखाली या स्फटिकातील इलेक्ट्रॉनांची दाटी लाटेप्रमाणे कमी-अधिक होते, व त्या लाटेचे कंपन वर्णपटात दिसते. ७.२ केल्व्हिनखाली तो अतिसंवाहक होतो. तेथे वर्णपटात नवी शिखरे उमटली. चुंबकीय क्षेत्र लावताच ती मंदावत आणि लाटेच्या कंपनाचे शिखर बळावे. केवळ जोड्या फुटण्याने याचा उलगडा होईना.

१९८१ साली लिटलवुड व वर्मा यांनी उत्तर सुचविले: जोड्यांचा सबंध समुदायच कमी-अधिक होत कंप पावतो. एरवी हे कंपन प्रकाशास जवळजवळ अदृश्य. येथे ते लाटेच्या कंपनाशी जोडले जाऊन तिचे बळ उसने घेते आणि दिसू लागते. हिग्ज यांनी १९६४ साली मूलकणांविषयी जी कल्पना मांडली होती, तिचेच हे स्फटिकातील भावंड. तो मूलकण जिनिव्हाजवळ सापडल्याचे २०१२ साली जाहीर झाल्यावर या जुन्या शिखरांकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. २०१४ साली पॅरिसच्या संशोधकांनी नायोबियम डायसल्फाइड हा भगिनी पदार्थ तपासला. तोही अतिसंवाहक, पण त्यात ती लाट नाही. आणि ते तीक्ष्ण शिखरही तेथे आढळले नाही. १९८१ च्या उत्तरास त्यामुळे मोठे पाठबळ मिळाले.

शासकीय कचेऱ्यांत आम्ही पाहिले आहे की, रकान्यात न बसणारी बाब बहुधा 'किरकोळ' या सदराखाली ढकलली जाते, आणि पुढे तीच महत्त्वाची ठरली तरी हाती काही लागत नाही. वरील दोन्ही प्रसंगी असे घडले नाही. पाहणाऱ्यांनी आढळले ते, न जुळणाऱ्या भागासह, जसेच्या तसे लिहून ठेवले. म्हणूनच पहिल्या नोंदीचा अर्थ पाच वर्षांनी लागू शकला, आणि दुसरीचा पडताळा चौतीस वर्षांनीही घेता आला.