नागपूर प्रांतांतील शेतकऱ्याचें घर व त्याचीं गुरें

नागपूर शहराच्या दक्षिणेस, वर्धेकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या पूर्वेच्या अंगास, मनीषनगर नांवाची वस्ती आहे. तिचें नांव अर्वाचीन असून घरेंही अर्वाचीन आहेत. परंतु ती सोमलवाडा या जुन्या गांवाच्या अंगची असून बेसा, बेलतरोडी हीं गांवनांवें तिच्या आसपास अद्याप कायम आहेत. जेथें आज घरांच्या ओळी आहेत तेथें शेतें व चराईचीं रानें होतीं. भोसल्यांच्या लढाया व तह यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. सारा किती बसला हें कागदांवरून कळतें. परंतु तो सारा ज्या बैलांच्या खांद्यावर उभा राहिला त्यांस वैरण कोणीं घातली, हें त्या कागदांत फारसें सांपडत नाहीं. या उणिवेकडे वाचकांचें लक्ष वेधावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम घराचा विचार करूं. घाटावर ज्यास गोठा म्हणतात त्यास नागपुराकडे कोठा म्हणतात. लहान शेतकऱ्याच्या घरीं माणसांची निजण्याची जागा व कोठा यांत बहुधा एका भिंतीचें अंतर असे. दिवसाचें पहिलें काम घरच्या स्त्रियांचें. पहाटे कोठ्यांतील शेण काढणें, अंगणांत सडा घालणें, धार काढणें, ताक घुसळणें, गोवऱ्या थापणें आणि मग दळण व पाणी, हा क्रम ठरलेला. पुरुषांनीं व सालदारानें बैलांस ज्वारीचा कडबा किंवा कुटार घालून औत जुंपावें. सालदाराचें वर्ष गुढीपाडव्यापासून मोजीत. वखर, तिफण, डवरा व बंडी या चारही कामांस तीच एक बैलजोडी. ज्याच्या दावणीस एकच बैल असे त्यानें तशाच दुसऱ्या शेजाऱ्याशीं सावड करून जोडी पुरी करावी. अर्थात् बैल मेला म्हणजे एक जनावर गेलें एवढेंच नव्हे, तर त्या घराचा हंगाम दुसऱ्याच्या मर्जीवर गेला.

शेणाचा विनियोग हा या संसारांतील खरा हिशेब होता. पावसाळ्यांत गोवरी वाळत नाहीं, म्हणून तेवढें शेण उकिरड्यावर पडून खत होई. उरलेले आठ महिने बहुतेक शेण चुलींत जाई. शेतास खत द्यावें तर स्वयंपाकास सरपण नाहीं, अशी ही अडचण. इ. स. १८६७ मध्यें नागपुरापर्यंत लोहमार्ग आला आणि १८७७ मध्यें एम्प्रेस मिल सुरू झाली. कापसास गिऱ्हाईक वाढलें. ज्या शेतांत पऱ्हाटी उभी राहिली तेथें कडबा निघत नाहीं हें उघड आहे. उलट सरकी गुरांच्या खाण्यास आली व पऱ्हाटीच्या काड्या चुलीस मिळाल्या. तेव्हां नगदी पिकानें गुरांची वैरण हिरावली, असें एकेरी विधान करणें युक्त होणार नाहीं. काय गेलें व काय आलें, हें प्रत्येक गांवापुरतें पाहिलें पाहिजे.

या भागांतील गवळाऊ जातीचे पांढरे, चपळ बैल व लांब तलवारीसारख्या शिंगांच्या नागपुरी म्हशी प्रसिद्ध आहेत. परंतु गुरें राखणाऱ्यांविषयीं इतिहास जवळजवळ मुका आहे. सकाळीं गांवचीं गुरें आखरावर जमत व गायकी त्यांस रानांत नेई. हें काम परंपरेनें गोवारी समाजाकडे असे. ता. २३ नोव्हेंबर १९९४ रोजीं नागपूर येथें विधिमंडळावर आलेल्या गोवारींच्या मोर्चांत चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसें मृत्यु पावलीं. अनुसूचित जमातींत आपली गणना व्हावी ही त्यांची मागणी होती. एखाद्या समाजाचें पूर्ववृत्त नीट नोंदलेलें नसलें म्हणजे त्याच्या हक्कांचा वाद किती दुर्घट होतो, हें येथें दिसून येतें.

चराईचें रान कोणाचें, हा पुढील प्रश्न. १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर पुढील दशकांतील बंदोबस्तानें मालगुजारांस मालकी मिळाली. तथापि रयतेचा निस्तार, म्हणजे चराई, सरपण, माती व मुरूम यांविषयींचे गांवचे रिवाज, वाजिब-उल-अर्ज नामक कागदांत नोंदले जात. १९५० च्या कायद्यानें ता. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपुष्टांत आली. त्यानंतरही महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमांत विदर्भासाठीं निस्तारपत्रकाचीं कलमें स्वतंत्र ठेविलेलीं आहेत. शेतीच्या गुरांस विनामूल्य चराईची तरतूद त्यांत सांगितली आहे. ज्या शिवारांत आतां गुरेंच उरलीं नाहींत तेथें हे कागद निरुपयोगी वाटतील. इतिहासाच्या दृष्टीनें मात्र गरीब घराचा गांवावर काय हक्क होता याचा हा लेखी पुरावा होय.

शेवटीं पोळा. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ च्या आपल्या ग्रंथांत कुणब्यांच्या पोळ्याचें वर्णन दिलें आहे. सर्वांपुढें एक वृद्ध बैल. त्याच्या शिंगांवर मशाली लावलेलें लांकडी मखर. आंब्याच्या पानांचें तोरण तोडून तो गांवाकडे धांवे. त्यामागें मालगुजाराचे बैल व त्यामागें कुळांचे. हा क्रम संपत्तीवरून नसून गांवांतील परंपरागत मानावरून ठरे, आणि आपला मान चुकला तर कुणब्यास तें फार लागे, असें ते लिहितात. आमच्या मतें हा क्रम म्हणजे त्या गांवाची अलिखित वंशावळच आहे. कोणतें घर आधीं वसलें, कोणतें मागाहून आलें, याचें कांहीं अनुमान त्यावरून बांधतां येईल. मात्र मानाच्या आठवणींत अभिमान मिसळलेला असतो. म्हणून पटवाऱ्याच्या कागदांशीं ताडून पाहिल्याविना ती प्रमाण मानूं नये.

असो. शहर वाढत आहे व तें वाढावेंच. तक्रार करण्याचा आमचा उद्देश नाहीं. परंतु सोमलवाडा, बेसा या बाजूस ज्यांच्या घरीं जुन्या पावत्या, सालदारांचे करार, वांटणीपत्रें किंवा निस्ताराच्या नकला असतील त्यांनीं त्या रद्दींत न घालतां कोणत्याही संशोधनसंस्थेस नकलेसाठीं द्याव्या. आणि ज्या वृद्ध स्त्रियांनीं कोठ्यांत उभा जन्म काढला त्यांचें कथन, त्या आहेत तोंवर, टिपून घ्यावें. बैलांच्या क्रमाचें स्मरण पुरुषांपाशीं सांपडेल. शेणाचा हिशेब मात्र त्यांनाच ठाऊक आहे.