वेतन, भत्ता आणि धान्याचा निरख

वस्तूंचे भाव चढूं लागले म्हणजे ठराविक वेतनावर निर्वाह करणाराचें वेतन आंकड्यानें कायम राहूनही मोलानें घटतें. अशा वेळीं राज्यकर्त्यापुढें दोन मार्ग असतात : भावांच्या मागोमाग वेतन चढवावें, किंवा वेतन आहे तेथेंच ठेवून भाव दाबून धरावे. वार्षिक वेतनवाढ व महागाई-भत्ता हीं पहिल्या मार्गाचीं रूपें होत. दुसऱ्या मार्गाचें ठळक उदाहरण म्हणजे दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी (कारकीर्द १२९६–१३१६) ह्यानें बांधलेले धान्याचे निरख. हे निरख कोणाच्या हितासाठीं बांधले आणि त्यांचा भार कोणीं वाहिला, ह्या दोन प्रश्नांचा येथें विचार कर्तव्य आहे.

ह्या विषयाचा मुख्य आधार झियाउद्दीन बरनीची ‘तारीख-इ-फिरोजशाही’ हा होय. ग्रंथ १३५७ सालीं, म्हणजे सुलतानाच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनीं, पुरा झाला. तथापि बरनीचा चुलता अलाउल्मुल्क हा अलाउद्दीनच्या वेळीं दिल्लीचा कोतवाल होता. तेव्हां त्या दरबारची वार्ता बरनीच्या घरांत खेळत असली पाहिजे.

बरनी कारण देतो तें असें. १३०३ सालीं तर्गी नांवाचा मोगल सरदार दिल्लीवर चालून आला, तेव्हांपासून सुलतानास मोठी कायम फौज हवी झाली. परंतु इतक्या फौजेस साधारण वेतन दिलें तरी ५–६ वर्षांत खजिना रिता होईल, असें दिसून आलें. म्हणून वेतन बेताचें ठेवावें आणि त्यांत शिपायाचें भागेल इतके जिन्नस स्वस्त करावे, असें ठरलें. ज्या अलाउद्दीननें १२९६ सालीं देवगिरीच्या रामदेवराव यादवाची संपत्ति लुटून दिल्लीच्या वाटेवर मुक्कामोमुक्कामीं यंत्रांतून सोन्याच्या चांदण्या लोकांवर उधळल्या, त्यालाच पुढें शिपायाच्या वेतनाचा हिशेब करीत बसावें लागलें. एकाएकीं आलेलें धन बाजारांत उतरलें म्हणजे नाणें स्वस्त आणि धान्य महाग होतें. देवगिरीच्या सोन्याचाही ह्या महागाईंत वांटा असावा, असा तर्क करण्यास जागा आहे.

वेतनाचे आंकडे बरनी २३४ टंके व ७८ टंके असे वार्षिक देतो. दुसरा आंकडा जादा घोड्याबद्दलचा, असें कित्येक समजतात; उलट विजापुरास आपला इतिहास लिहिणारा फिरिश्ता २३४, १५६ व ७८ अशा तीन इयत्ता सांगतो. ७८ ची दुप्पट १५६ व तिप्पट २३४, हें पाहतां फिरिश्त्याची मांडणी हिशेबास सुबक बसते. पण सुबकपणा हा पुरावा नव्हे. निरख मात्र स्पष्ट आहेत. मणास गहूं ७॥ जितल, जव ४, भात, उडीद व हरभरा प्रत्येकीं ५. (हा मण ब्रिटिश अमदानींतील मणाहून बराच लहान.) टंक्यास ४८ जितल धरल्यास २३४ टंके पावणाऱ्याचे महिन्यास ९३६ जितल होतात, म्हणजे सुमारें १२५ मण गहूं. भाव दुप्पट होता तर तेंच वेतन ६२ मणांवर आलें असतें, आणि घोड्याचा हरभरा वेगळाच. सुलतानाची सर्व धडपड हे १२५ मण टिकविण्याची होती.

त्याकरितां दुआबांतील खालसा गांवांचा सारा धान्यरूपानें घेऊन दिल्लीच्या कोठारांत भरला. धान्य वाहणारे व्यापारी यमुनाकांठच्या गांवांत वसवून त्यांच्यावर परस्परांची जामिनकी लादली. साठेबाजी बंद केली. मलिक कबूल ह्यास मंडीचा शहना नेमून त्याच्यावर बातमीदार व हेर ठेवले. बाजाराची खबर रोज तीन वाटांनीं सुलतानाकडे जाई. अवर्षणामुळें निरख अर्ध्या जितलानें वाढवावा अशी शहन्यानें एकदोनदां विनंती केली, तेव्हां त्यासच वीसएक छड्या बसल्या.

हेतूविषयीं मात्र साक्षी भिन्न आहेत. बरनी फौजेवर बोट ठेवतो. शेख नसीरुद्दीन चिराग-इ-दिल्ली ह्यांचीं संभाषणें हमीद कलंदरानें ‘खैर-उल्-मजालिस’ ह्या ग्रंथांत संग्रहिलीं. त्यांत सर्व प्रजेचें कल्याण व्हावें म्हणून सुलतानानें धान्य स्वस्त केलें, असें आहे. अमीर खुस्रोचाही सूर तोच. पण खुस्रो दरबारचा कवि, आणि शेखांचे बोल स्वस्ताईची आठवण उरलेल्या नगरांतले. उलट, सांगितलेल्या कारणाशीं बरनीचा सर्व तपशील जुळतो. म्हणून हेतूच्या बाबतींत आम्ही बरनीस प्रमाण मानतों. शहरवासीयांस सुख झालें, हें फळ खरें. तें मूळ नव्हे.

आतां दुसरा प्रश्न. दुआबांतील शेतकऱ्यानें निम्मे पीक साऱ्यांत द्यावें आणि उरलेलें शेतावरच नेमल्या भावानें व्यापाऱ्यास द्यावें, असा दंडक होता. म्हणजे शिपायास जी वेतनवाढ मिळाली नाहीं, तिची भरपाई खजिन्यानें नव्हे तर नांगरधाऱ्यानें केली. ही व्यवस्था दंडाच्या धाकावर उभी होती. दंड धरणारा गेला आणि ती कोसळली. १३१६ नंतर कुत्बुद्दीन मुबारकच्या अमलांत निरख सुटले, आणि १०–१२ टंक्यांचे नोकर ७०, ८०, १०० टंके मागूं लागले, असें बरनी लिहितो. दाबून ठेवलेली वाढ एकदम उसळली.

ह्याहून जुना असा एक तिसरा विचार कौटिल्याचा. अर्थशास्त्रांतील भृत्यभरणीय प्रकरणांत ४८,००० पणांपासून ६० पणांपर्यंत वेतनें सांगितलीं आहेत. त्याबरोबर ६० पणांच्या सेवकास एक आढक ह्या प्रमाणानें वेतनानुरूप धान्यही सांगितलें आहे. कोश रिता असल्यास रोकड थोडी आणि बाकी जिन्नस, पशु व शेत द्यावें, अशीही सोय आहे. वेतनाचा एक भाग असा धान्यांतच बांधला म्हणजे भाव चढले तरी सेवकाचें पोट उघडें पडत नाहीं. त्या धान्यभागास तेथें ‘भक्त’ म्हटलें आहे, आणि आपला ‘भत्ता’ शब्द बहुधा त्यापासूनच निघाला. १९४७ सालीं पहिल्या केंद्रीय वेतन आयोगानें किमान वेतन ३० रुपये व त्यावर २५ रुपये महागाई-भत्ता सुचविला, तेव्हां जुन्या ‘भक्त’ व ‘वेतन’ ह्या जोडीनें नवें रूप घेतलें. वार्षिक वाढ हें सेवेचें फळ होय. भत्ता हें पोटाचें रक्षण. एकाच्या नांवाखालीं दुसरें बुडवूं नये. मात्र भत्ता कोणाच्या कोठारांतून येतो, हें प्रत्येक काळीं तपासून पाहिलें पाहिजे.