नाम आणि सर्वनाम : डिजिटल कॅमेऱ्याच्या रूपाचा इतिहास

एखाद्या रूपामागचे कारण संपले, तरी ते रूप लगेच संपत नाही. छापखाना आल्यानंतरही आपल्याकडे पोथ्या दीर्घकाळ आडव्या, सुट्या पानांच्याच छापल्या गेल्या. हस्तलिखिताचा तो आकार वाचणाऱ्याच्या हाताला परिचित होता. रूप आणि आशय यांच्या नात्याची चर्चा आपण वर्गात नेहमीच करतो, परंतु वापरातल्या वस्तूंबाबत ती क्वचितच होते. डिजिटल कॅमेऱ्याची बाह्यरचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

फिल्मच्या कॅमेऱ्याचा आकार मुळात फिल्मने ठरवला. ऑस्कर बार्नाक याने घडवलेला लायका १९२५ साली बाजारात आला. त्यात एका टोकाला कोऱ्या फिल्मचे रीळ, दुसऱ्या टोकाला ती गुंडाळून घेणारे रीळ आणि मधोमध ३६ × २४ मिलिमीटरची चौकट अशी योजना होती. आडवे, रुंद शरीर त्यातून आले. पुढे एसएलआर कॅमेऱ्यांच्या माथ्यावर उंचवटा दिसू लागला, तो आरशावरून आलेले दृश्य डोळ्याला सुलटे दाखवणाऱ्या प्रिझमसाठी. अशा बहुतेक कॅमेऱ्यांवर शटरच्या वेगाची डायल वर आणि अ‍ॅपर्चरचे कडे लेन्सभोवती असे. प्रत्येक अवयवाला एकच काम, आणि त्याचे आकडे त्याच्याच अंगावर कोरलेले. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर ही सारी नामे होती.

सर्वनामाचा प्रवेश फिल्मच्याच काळात झाला. १९८६ सालच्या कॅनन टी-९० या कॅमेऱ्यात शटरच्या बटणामागे तर्जनीखाली एक चाक आले. त्या चाकावर आकडे नव्हते. कॅमेरा ज्या स्थितीत असेल त्यानुसार ते कधी शटरचा वेग बदलत असे, तर कधी अ‍ॅपर्चर. त्याचा अर्थ छोट्या पडद्यावर वाचावा लागे. याचा लाभ मोठा होता, कारण बोट जागचे न हलवता आणि डोळा न काढता निर्णय बदलता येऊ लागला. मात्र चाकाकडे नुसते पाहून काही कळेनासे झाले.

डिजिटल तंत्राने फिल्म काढून घेतली, तेव्हा आकाराचे मूळ कारणच गेले. १९७५ साली कोडॅकमधील स्टीव्ह सॅसन याने जुळवलेला पहिला नमुना हा सुमारे साडेतीन किलो वजनाचा एक ओबडधोबड ठोकळा होता. एक चित्र कॅसेटवर नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. परंपरेचे कोणतेही दडपण त्याच्यावर नव्हते. पण १९९१ साली कोडॅकने व्यावसायिकांसाठी डिजिटल कॅमेरा विक्रीला आणला, तो निकॉन एफ-३ च्या शरीरावर बसवूनच. चित्रे साठवणारे यंत्र वेगळे, खांद्याला अडकवायचे. वृत्तछायाचित्रकारांचे हात आणि त्यांच्या लेन्स जुन्या रूपाशी बांधलेल्या होत्या.

रूप मोडण्याचे धाडस केले ते १९९५ सालच्या कॅसिओ क्यूव्ही-१० ने. त्याला डोळा लावण्याची खिडकीच नव्हती; मागे १.८ इंचांचा रंगीत पडदा होता आणि लेन्सचा भाग स्वतःभोवती फिरत असे. फिरणारी लेन्स पुढे मागे पडली, पडदा मात्र सर्वांनी स्वीकारला. त्या पडद्यासोबत मेनू आला आणि सर्वनामांचा सुकाळ झाला. दुसरीकडे २००८ साली पॅनासॉनिकच्या जी-१ मधून आरसा आणि प्रिझम दोन्ही गेले, तरी माथ्यावरचा उंचवटा राहिला. त्यात आता इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर होता.

या पार्श्वभूमीवर एप्सनचा २००४ सालचा आर-डी१ विशेष लक्षणीय वाटतो. त्यावर फिल्म पुढे सरकवण्याचा खटका आहे, आणि फिल्म नाही. पण हा खटका शोभेचा नव्हे. प्रत्येक चित्रापूर्वी शटर ताणून सज्ज करण्याचे काम तो करतो. किती चित्रे उरली, बॅटरी किती आहे, हे घड्याळासारखे काटे दाखवतात. २०११ साली विक्रीला आलेल्या फुजीफिल्म एक्स-१०० ने वेगाची डायल आणि अ‍ॅपर्चरचे कडे परत आणले. २०१६ सालच्या लायका एम-डी ने तर पडदाच काढला आणि त्या जागी आयएसओची डायल बसवली.

यास निव्वळ स्मरणरंजन म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, आणि बाजाराने त्या भावनेचा लाभ उठवला हेही खरे. तरी एक मुद्दा उरतो. आकडे कोरलेली डायल कॅमेरा बंद असतानाही आपली स्थिती सांगते. चित्र घेण्यापूर्वीच निर्णय डोळ्यांसमोर असतो. वेग एका घराने वाढवला तर अ‍ॅपर्चर एका घराने मोठे करावे लागते, हा प्रकाशाचा हिशेब शिकणाऱ्याच्या बोटांना तेथे प्रत्यक्ष जाणवतो. मेनूच्या आड तोच हिशेब यंत्र परस्पर करून टाकते, आणि आपण कोणता निर्णय सोडून दिला हेही कळत नाही.

अर्थात केवळ नामांवर भाषा चालत नाही. डिजिटल कॅमेऱ्यातील प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र डायल द्यायची म्हटले, तर हात धरायलाही जागा उरणार नाही. सर्वनामे हवीतच. फक्त ते सर्वनाम कोणत्या नामासाठी आले आहे, हे वाक्य वाचतानाच कळावे, ही आपली लेखकाकडे असते ती अपेक्षा यंत्र घडवणाऱ्याकडेही असायला हरकत नाही.