वाटेंत राहिलेला छापखाना

येरळेच्या कांठीं, वडूजच्या परिसरांत राहणाऱ्या मनुष्यास पावसाची वाट पाहणें कोणी शिकवावयास नको. म्हणूनच पवित्र शास्त्रांतील रूथची कथा आपणांस परकी वाटत नाहीं. दुष्काळामुळें देशोधडीस लागलेल्या घराची ही विधवा सून बेथलेहेमांत सरवा वेंचावयास निघते, आणि तिचें पाऊल सहज पडतें तें बवाजाच्या शेतांत. त्या सहज पडलेल्या पावलांतून पुढें दावीद राजाचें, व अखेर आपल्या तारकाचें कुळ उदयास आलें.

महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहतांना अशीं पावलें प्रत्येकास आठवतात. त्यांस योगायोग म्हणावें कीं ईश्वरी योजना? मराठी भाषेच्या इतिहासांतील एका घटनेवरून याचा विचार करूं.

इ. स. १५५६ च्या सप्टेंबरांत लिस्बनहून निघालेलें एक गलबत गोव्यास लागलें. त्यावर एक मुद्रणयंत्र होतें. तें हिंदुस्थानाकरितां नव्हतें. हबसाणांत निघालेल्या येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर तें तिकडे जावयाचें होतें. परंतु तेथील राजा रोमच्या धर्मपीठाशीं ऐक्य करण्यास अनुकूल नाहीं असें कळल्यावरून, नियोजित धर्माध्यक्ष जुआंव नुनिश बर्रेतो यांस गोव्यांतच थांबावें लागलें. त्यांच्याबरोबर यंत्रही थांबलें. त्याच वर्षीं सेंट पॉल विद्यालयांत छपाईस आरंभ झाला, आणि हिंदुस्थानांत मुद्रणकलेचें पाऊल पडलें.

पुढें १५७९ सालीं फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय गोव्यास आले. साष्टींतील लोकांत राहून त्यांनीं त्यांची भाषा आत्मसात केली, आणि सुमारें अकरा हजार ओंव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ मराठींत रचलें. देशी लिपीचे खिळे पाडणें अवघड असल्यामुळें तें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. हबसाणाच्या वाटेवर अडलेल्या यंत्रानें ज्या भूमींत मुद्रणकला रुजविली, त्याच भूमींत साठ वर्षांनीं तारकाची कथा मराठी ओंवींत छापून निघाली!

तथापि येथें सावध राहिलें पाहिजे. धर्माध्यक्ष बर्रेतो आपल्या धर्मपीठाचें दर्शन न घेतांच १५६२ सालीं गोव्यांत निवर्तले. त्यांचा मनोभंग केवळ आपल्या सोयीकरितां घडला, असें म्हणणें निष्ठुरपणाचें होईल. दुसऱ्याच्या शेतांत गारा पडल्या व आपलें वांचलें, एवढ्यावरून देव आपल्याच पक्षाचा आहे असें मानणें ही श्रद्धा नव्हे, तो अहंकार होय. संत थॉमस अक्वायनस यांनीं या विषयीं एक सोपा दृष्टांत दिला आहे. एकाच धन्यानें आपले दोन चाकर, एकमेकांस नकळत, एकाच ठिकाणीं पाठविले. तेथें त्यांची गांठ पडली, तर ती त्यांच्या दृष्टीनें अकल्पित, परंतु धन्याच्या दृष्टीनें योजिलेली असते. आपण चाकर आहों; संपूर्ण योजना आपणांस दिसत नाहीं.

ग्रंथाचें पुढें काय झालें, हेंही बोधप्रद आहे. त्याच्या १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें गोव्यांतील लोकभाषेविरुद्ध फर्मान काढलें. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. श्रद्धाळू हातांनीं केलेल्या नकलांमुळेंच ग्रंथ टिकला, आणि अशा हस्तलिखितांच्या आधारें जोसेफ सालडाना यांनीं १९०७ सालीं मंगळुरास तो पुन्हा प्रसिद्ध केला. यंत्र गोव्यांत राहिलें हा योगायोग दिसतो. पण ग्रंथ राहिला तो मनुष्यांच्या कष्टांनीं.

रूथच्या कथेंतही हेंच आहे. तिचें पाऊल त्या शेतांत सहज पडलें खरें. परंतु तिच्याकरितां पेंढ्यांतून कांहीं कणसें मुद्दाम टाकावीं, अशी आज्ञा बवाजानें आपल्या कापणाऱ्यांस दिली. ईश्वर गांठ घालून देतो. कणसें टाकण्याचें काम तो आपल्या हातीं ठेवतो.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, उद्यां कोणी अनोळखी मनुष्य आपल्या दारीं सहज येऊन उभा राहील. त्यास कोणी पाठविलें याचा तर्क करीत बसण्यापूर्वीं आपण त्यास पाणी द्यावें. कदाचित् कित्येक वर्षांनीं, दुसऱ्या एखाद्या महोत्सवांत, त्या भेटीचा अर्थ आपल्या मुलाबाळांस उलगडेल.