महाराष्ट्र जनुक कोष : कार्यक्रमाचे फलित शिवारात कसे तपासावे?

स्थानिक बियाणे, देशी जनावरे, गायराने, नदी-तळ्यांतील मासे आणि जंगल हे गावाचे नैसर्गिक भांडवल आहे. दरवर्षी मिळणारे धान्य, चारा, मासळी हे त्यावरचे व्याज. मुद्दल घटत गेले, तर काही वर्षे व्याज तेवढेच दिसते आणि मग एकदम आटते. त्यामुळे या मुद्दलाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचे मूल्यमापन हा शेतकऱ्यांच्याही कामाचा विषय आहे.

कार्यक्रमाची रूपरेषा

महाराष्ट्र जनुक कोषाचे पहिल्या टप्प्यातील काम राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पाठबळाने २०१४ पासून सुरू झाले. एप्रिल २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुढील पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली. कार्यक्रमाचे सात विषय आहेत : सागरी जैवविविधता, स्थानिक पीक वाण, देशी पशुधन, गोड्या पाण्यातील जैवविविधता, गवताळ व माळरान परिसर, वनहक्क क्षेत्रांचे व्यवस्थापन आणि वनांचे पुनरुज्जीवन.

फक्त संख्या मोजून का चालत नाही?

किती नमुने गोळा केले, किती प्रशिक्षणे घेतली, किती नोंदवह्या तयार झाल्या, हे मोजणे सोपे असते. मात्र ही केलेल्या कामाची मोजणी आहे. त्या कामाने शिवारात काय बदलले, ते यातून कळत नाही.

लोक जैवविविधता नोंदवह्यांचे उदाहरण पाहा. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि त्यांच्या नोंदवह्या अपेक्षित आहेत. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि त्यानंतर राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील, असे बजावले. नोंदवह्यांचा आकडा झपाट्याने वाढला. पण एखाद्या गावाची नोंदवही उपयोगी आहे का, हे ती उघडून गावातील जाणत्यांना वाचून दाखवल्यावरच समजते. शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवली असेल, तर त्यांना ते लगेच ओळखू येते.

पहिली तपासणी : सुरुवातीची नोंद आहे का?

काम सुरू होण्यापूर्वीची स्थिती लिहिलेली नसेल, तर नंतरचा बदल सिद्ध करता येत नाही. वाणांसाठी किती घरे तो वाण पेरतात, किती क्षेत्रावर पेरतात आणि बियाणे कोठून आणतात, या तीन गोष्टी गावनिहाय लिहाव्यात. गायरानासाठी ठरावीक जागा निवडून दरवर्षी त्याच महिन्यात मोजणी करावी.

दुसरी तपासणी : तुलना कोणाशी केली?

पाऊस चांगला झाला, तर गवत सगळीकडेच वाढते. म्हणून कामाच्या जागेबरोबर तशाच जमिनीची, पण काम न झालेली शेजारची जागाही मोजावी. जनावरे चारण्यापूर्वी, गवत फुलोऱ्यात असताना एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकटीतील गवत कापून वाळवून वजन करावे. अशा किमान दहा चौकटींची सरासरी घ्यावी. ग्रॅममधील सरासरीला १० ने गुणले की हेक्टरी किलो उत्पादन मिळते.

समजा, सुरुवातीला राखलेल्या गायरानात सरासरी १५० ग्रॅम आणि न राखलेल्या जागेत १४० ग्रॅम गवत भरले. तीन वर्षांनी ते अनुक्रमे ३०० आणि २४० ग्रॅम झाले. राखलेल्या जागेतील वाढ १५० ग्रॅम दिसते, पण न राखलेल्या जागेतही १०० ग्रॅम वाढ झाली आहे. कार्यक्रमाच्या नावावर फक्त ५० ग्रॅम, म्हणजे हेक्टरी ५०० किलो एवढीच वाढ मांडता येईल. अहवालात ‘उत्पादन दुप्पट’ असे लिहिले असेल, तर पावसाचे श्रेयही कार्यक्रमाने घेतले, असे समजावे.

वजनाबरोबर प्रजातीही पाहाव्यात. मारवेल, पवना यांसारखी चांगल्या चाऱ्याची गवते वाढत असतील, तर कुरण सुधारत आहे. वजन वाढले पण कुसळीच माजली असेल, तर ती सुधारणा नव्हे.

तिसरी तपासणी : बियाणे जिवंत आहे का?

बरणीत ठेवून नोंदवलेला वाण म्हणजे जपलेला वाण नव्हे. दमट हवेत साध्या साठवणीत बियाण्याची उगवणशक्ती लवकर घटते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी. बियाणे प्रमाणीकरणात किमान उगवण भातासाठी ८० टक्के, ज्वारी व तुरीसाठी ७५ टक्के धरतात. स्थानिक वाणांसाठीही हा आकडा मार्गदर्शक मानावा.

बियाणे वेळोवेळी शेतात पेरून नवे केले जाते का, तेही विचारावे. भात स्वपरागित असल्याने शुद्धता राखणे तुलनेने सोपे आहे. मक्यात परपरागण होते, त्यामुळे इतर मक्यापासून अंतर राखावे लागते आणि शंभराच्या आसपास कणसांतून बियाणे घ्यावे लागते. चार-पाच उत्तम कणसांवर भागवल्यास वाणाचे नाव राहते, विविधता मात्र जाते.

कोंभाळणे (ता. अकोले) येथील राहीबाई पोपेरे यांच्या स्थानिक बियाण्यांच्या कामाची दखल पद्मश्रीने घेतली गेली. बायफ संस्थेचे त्यांना साह्य लाभले. अशा कामाचा खरा पुरावा बियाण्याच्या देवाणघेवाणीत असतो : किती शेतकऱ्यांनी बियाणे नेले, किती जणांनी ते वाढवून परत आणून दिले आणि दुसऱ्या हंगामात किती जणांनी पुन्हा पेरले.

चौथी तपासणी : हक्क कोणाकडे राहिला?

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्यांना किंवा शेतकरी समूहाला आपल्या पारंपरिक वाणाची नोंदणी करता येते. नमुना देताना वाणाचे नाव, गाव, देणाऱ्याचे नाव व तारीख असलेली पोच घ्यावी. गावाने दिलेल्या माहितीचा वापर कोण करणार आहे आणि बियाणे हवे असल्यास परत कसे मिळणार, याचे लेखी उत्तर नसेल, तर मूल्यमापनात ती उणीव नोंदवावी.

पाचवी तपासणी : निधी थांबल्यावर काय?

प्रकल्प संपल्यानंतर दोन हंगामांनी पुन्हा पाहणी करावी. गायरानाची राखण सुरू आहे का, बीज बँकेची चावी कोणाकडे आहे, बियाणे कोण पेरते, हे तेव्हाच खरे कळते.

ग्रामसभेत काय मागावे?

- सुरुवातीच्या व शेवटच्या मोजणीचे आकडे, मराठीत
- तुलनेसाठी घेतलेल्या जागेची किंवा गावाची माहिती
- गावातून नेलेल्या नमुन्यांची यादी
- अपयशी ठरलेल्या कामांची कारणे

ही माहिती सहज मिळाली नाही, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ अंतर्गत अर्ज करता येतो. यादीतील शेवटचा मुद्दा वगळू नये. कोणत्या गावात वाण टिकला नाही आणि का, हे लिहिले गेले, तरच पुढच्या गावात तो टिकवता येईल.