राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतील संगीत

चित्रपटसंगीतास राष्ट्रीय सन्मान देण्यास भारत सरकारास बराच काळ लागला. चित्रपटांचे राज्य पुरस्कार १९५४ साली सुरू झाले व पहिले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी बोलपटास मिळाले. पुरस्कार चित्रकृतीस होता; नट, गायक, संगीतकार यांस व्यक्तिशः काहीच नव्हते. ही स्थिती १९६७ सालच्या चित्रपटांपर्यंत टिकली.

या विलंबाकडे केवळ नियमावलीचा प्रश्न म्हणून पाहता येत नाही. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. मूळचे पुण्याचे असलेले केसकर हे शास्त्रीय संगीताचे कडवे कैवारी. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. गीतांबरोबर चित्रपटांची नावे सांगणे ही जाहिरात ठरते, म्हणून ती आकाशवाणीने वगळली. निर्माते रुष्ट झाले, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते मात्र रेडिओ सिलोनकडे वळले. तेथे १९५२ च्या अखेरीस ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ काढून सरकारास माघार घ्यावी लागली. नभोवाणी व चित्रपट ही दोन्ही क्षेत्रे एकाच मंत्रालयाच्या अखत्यारीत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे संगीतास पुरस्काराबाहेर ठेवणारी वृत्ती कोणत्या वातावरणातील होती हे कळते.

खाजगी क्षेत्रातही गायकांची उपेक्षा होतीच. ‘फिल्मफेअर’ने संगीतकारास १९५४ पासून गौरविले, परंतु पार्श्वगायनाचा पुरस्कार, लता मंगेशकर यांनी हा मुद्दा लावून धरल्यानंतर, १९५९ साली सुरू झाला. राष्ट्रीय पातळीवर १९६७ च्या चित्रपटांसाठी ‘उपकार’मधील गायनाबद्दल महेंद्र कपूर आणि ‘कंदन करुणै’ या तमिळ चित्रपटाच्या संगीताबद्दल के. व्ही. महादेवन हे पहिले मानकरी ठरले. गायिकेचा पुरस्कार पुढच्या वर्षी आला. तोही तमिळ चित्रपटासाठी, पी. सुशीला यांस. हिंदीबाहेरच्या संगीतास इतक्या आरंभीच हा मान मिळाला, ही या पुरस्काराची खरी मिळकत होय. मुंबईच्या पारितोषिकांत तशी सोय नव्हती.

लोकप्रियता व परीक्षकांची पसंती यांतील अंतर ‘आराधना’च्या (१९६९) निमित्ताने स्पष्ट दिसते. या चित्रपटातील गाण्यांनी किशोरकुमार देशभर गाजले आणि ‘फिल्मफेअर’ने त्यांचाच गौरव केला. राष्ट्रीय परीक्षकांनी मात्र त्याच चित्रपटातील गायनासाठी सचिनदेव बर्मन यांची निवड केली. लोकगायनाचा बाज असलेला तो वृद्ध, अनलंकृत स्वर निवडणे रसिकदृष्ट्या समर्थनीय आहे, यात शंका नाही. तथापि आठ वेळा ‘फिल्मफेअर’ मिळविणाऱ्या किशोरकुमारांस राष्ट्रीय पुरस्कार एकदाही लाभला नाही, राहुलदेव बर्मन यांसही नाही, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानणे कठीण आहे. केसकरांची बंदी गेली. पण ‘उच्च’ आणि ‘हलके’ हा भेद परीक्षकांच्या पसंतीतून पुरता गेला नव्हता.

३२ व्या पुरस्कारांत ‘अनकही’साठी संगीतकार जयदेव आणि गायक भीमसेन जोशी या दोघांचाही सन्मान झाला. जयदेव यांचा हा तिसरा पुरस्कार. ‘रेश्मा और शेरा’ व ‘गमन’ हे आधीचे. बाजारात फारसे यश न लाभलेल्या या गुणी संगीतकाराची दखल या पुरस्काराने घेतली, हे श्रेय द्यावेच लागेल. पुढे मराठीतही हाच कल दिसतो: ‘बालगंधर्व’साठी आनंद भाटे (२०११), ‘कट्यार काळजात घुसली’साठी महेश काळे (२०१५). दोघेही रागदारीच्या तालमीतले. दोन्ही चित्रपट नाट्यसंगीताच्या परंपरेवर उभे.

याला अपवाद आहेत, व ते अधिक बोलके आहेत. ए. आर. रहमान यांस त्यांच्या पहिल्याच, सर्वत्र गाजलेल्या ‘रोजा’साठी (१९९२) पुरस्कार मिळाला. २००८ च्या ‘जोगवा’साठी अजय-अतुल, हरिहरन आणि श्रेया घोषाल या सर्वांचा गौरव झाला. श्रेया घोषाल यांच्या पुरस्कारात ‘अंतहीन’ या बंगाली चित्रपटातील गायनही समाविष्ट होते. ‘जोगवा’तील गीते खेड्यापाड्यांत गायिली जात होती, त्या वेळी परीक्षक आणि श्रोते यांचे कान एकाच स्वराकडे लागले होते.