मस्टरवरची नावे : रामत गनच्या एका खानावळीचा इतिहास



इतिहासाच्या पंगतीत लढाया, तह आणि राजवंश यांना मानाचे पान मिळते. खानावळीला तेथे कोणी पाटही मांडत नाही. म्हणूनच इस्राएलमधील तेल अवीव शहराच्या एका उपनगरातल्या, उभ्याने खाण्याच्या साध्या दुकानावर मी बोलणार असे जाहीर झाले तेव्हा आपल्यापैकी काहींना ती गंमत वाटली असेल. परंतु माझे आयुष्य कामगार चळवळीत गेले, आणि त्या चळवळीने मला एक सवय लावली आहे. कारखान्यात पाऊल टाकले की मी आधी यंत्र पाहत नाही, मस्टर पाहतो. कोणाची नावे चढली आहेत आणि कोण वर्षानुवर्षे राबूनही मस्टराबाहेर आहे, एवढे कळले की त्या कारखान्याची निम्मी हकीकत कळते. ही सवय मी ताटापुढे बसतानाही सोडलेली नाही.

रामत गन हे तेल अवीवला पूर्वेकडून लागून असलेले गाव. १९२१ साली ते वसले आणि १९५० साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. नावाचा अर्थ बागेची टेकडी. पुढे इराकमधून आलेले ज्यू येथे इतक्या मोठ्या संख्येने राहू लागले की लोक थट्टेने या गावाला ‘रामत बगदाद’ म्हणू लागले. याच गावात १९६१ साली सबीह हलाबी नावाच्या इराकी गृहस्थाने एक लहानशी टपरी उघडली. ती बसच्या शेवटच्या थांब्यापाशी होती आणि ड्रायव्हर मंडळी तेथे न्याहारी करीत, असे सांगतात. त्या भागातील बसगाड्या तेव्हा ‘दान’ या सहकारी संस्थेच्या होत्या. चालकच तिचे भागीदार. पोटात भूक आणि हातात थोडा वेळ, असे हे गिऱ्हाईक. त्याच्यासाठी हलाबीने आपल्या घरचा जिन्नस भाकरीत भरून द्यायला सुरुवात केली आणि त्या जिनसाला लोक ‘सबीह’च म्हणू लागले. अरबीत सकाळला ‘सबाह’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले असेही काहींचे मत आहे. परंतु रामत गनमध्ये विचाराल तर दुकानदाराचे नाव मालाला लागले असेच सांगतील.

मला या गोष्टीचे विशेष अप्रूप वाटते. मालाला मालकाचे नाव लागते, गावाचे लागते, क्वचित राजाचेही लागते. चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाव मालाला लागणे दुर्मिळ. या एका ठिकाणी मस्टर बरोबर भरले गेले आहे.

२०१९ साली मी त्या गावी गेलो होतो. ठाण्याच्या एका कारखान्यात माझ्याबरोबर काम केलेला एक बेने इस्राएल मित्र आता लोद येथे राहतो. त्याच्या मुलीचे लग्न होते. रामत गनमधील ज्या दुकानात त्याने मला नेले ते हलाबीचे नव्हे, पण त्याच परंपरेतले. पत्र्याचा कट्टा, चारदोन उंच स्टुले, कोपऱ्यात पाण्याचा नळ. कट्ट्यामागच्या माणसाचा हात मागावरच्या धोट्यासारखा चालला होता. पिटा नावाची पोकळ भाकरी तो फाडी. आत हरभऱ्याची वाटलेली चटणी, म्हणजे हुमुस, माखी. मग तळलेल्या वांग्याच्या दोन चकत्या, उकडलेल्या अंड्याचे काप, काकडी-टोमॅटोची बारीक कोशिंबीर, वरून तिळाची पातळ चटणी. एवढे झाल्यावर तो मान वर न करता प्रत्येकाला विचारी, “अम्बा?” पहिल्यांदा मला वाटले, माझा मित्रच मराठीत काही बोलला. पण तो प्रश्न हिब्रू बोलणाऱ्या दुकानदाराचा होता, आणि त्याच्या बरणीत होते कैरीचे पिवळेधमक, मेथी-हळदीचे लोणचे!

माझ्या डाव्या हाताला एक बसचालक होता, उजव्या हाताला रुग्णालयातली परिचारिका आणि तिच्यापलीकडे इस्त्रीचा सदरा घातलेला कोणी कारकून. तिघांनाही सारखाच माल, सारखाच भाव आणि सारखीच रांग. वांगे आतून लोण्यासारखे मऊ, अंडे भरीव, आणि त्या साऱ्यांना लोणच्याचा आंबट-कडसर झटका. अनेक कामगार परिषदांच्या मेजवान्या मी खाल्ल्या आहेत. इतके समाधान कोठे झाले नाही. पण स्तुती पुरे. आता मस्टर उघडू.

पहिली नोंद सुट्टीची. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत काम वर्ज्य. चूल पेटवणेही वर्ज्य. म्हणून बगदादच्या ज्यू घरांतून शुक्रवारीच वांगी तळून ठेवीत आणि अंडी मंद आचेवर रात्रभर ठेवीत. शनिवारी सकाळी प्रार्थनेहून परतल्यावर हेच गार वांगे आणि तपकिरी पडलेले अंडे भाकरीबरोबर खाल्ले जाई. सबीहचे मूळ ते हे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवण्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना किती वर्षे झगडावे लागले आणि १० जून १८९० रोजी ती कशी मान्य झाली, हे आपण जाणता. तेव्हा आठवड्याच्या सुट्टीने माणसाला काय दिले, असे कोणी विचारले तर प्रार्थना आणि झोप यांच्या जोडीला हा पदार्थही सांगावा.

दुसरी नोंद स्थलांतराची. इराकमधील ज्यूंची वस्ती अडीच हजार वर्षांची. जून १९४१ मध्ये बगदादेत त्यांच्यावर दंगल कोसळली आणि दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. १९४८ च्या युद्धानंतर जगणे आणखी अवघड झाले. मार्च १९५० मध्ये इराक सरकारने कायदा केला : जायचे असेल तर नागरिकत्व सोडा आणि जा. वर्षभराने, जाण्यासाठी नावे नोंदवलेल्यांची मालमत्ता गोठवण्यात आली. १९५० आणि १९५१ या दोन वर्षांत सुमारे १,२०,००० ज्यू विमानांनी इस्राएलला नेले गेले. लोदच्या विमानतळावर उतरताच त्यांच्या अंगावर डीडीटी फवारली गेली. बगदादचे व्यापारी, शिक्षक, हिशेबनीस तंबूंत आणि पत्र्याच्या खोपटांत राहू लागले. या छावण्यांना ‘माबारा’ म्हणत. तेथून त्यांना रस्ते फोडण्याच्या आणि झाडे लावण्याच्या कामांवर पाठवीत.

त्याच वेळी देशात टंचाई होती. साडेतीन वर्षांत लोकसंख्या दुप्पट झालेली, परकीय चलन नाही, आणि एप्रिल १९४९ पासून रेशनिंग. साखर, लोणी, मांस, अंडी, सारे मोजून. नियंत्रणाचे शेवटचे अवशेष जायला १९५९ साल उजाडले. या दिवसांत वांगे मात्र स्वस्त आणि मुबलक मिळे. युरोपातून आलेल्या गृहिणी यकृताच्या ऐवजी वांगे कुटून तसाच पदार्थ करीत. बगदादच्या गृहिणीला ही तडजोड करावी लागली नाही. वांगे तिचे जुने सोबती होते. सबीहसारखा पदार्थ अशा दिवसांनंतर रस्त्यावर येऊन टिकला, याचे मला नवल वाटत नाही. ज्यांना जेवणावर खर्च करता येत नाही त्यांचे पोट भरण्याचा हिशेब त्यात आधीच मांडलेला होता.

कामगार संघटनेबद्दल बोललो नाही तर मी माझ्या धंद्याशी बेइमान होईन. हिस्ताद्रुत ही तेथील कामगार महासंघटना १९२० साली हैफा येथे स्थापन झाली. तिने कामगारांसाठी स्वस्त भोजनगृहे चालवली, दवाखाने उभारले. पण तिच्या मालकीचे कारखाने आणि बांधकाम कंपन्याही होत्या. एकाच घरात मालक आणि युनियन! छावणीतल्या माणसाला कामही तिच्या वर्चस्वाखालच्या रोजगार कचेरीतून मिळे आणि तक्रारही तिच्याकडेच करावी लागे. अरब नागरिकांना पूर्ण सभासदत्व देण्याचा ठराव तिने १९५९ साली केला. म्हणजे स्थापनेनंतर एकोणचाळीस वर्षांनी. जगातील सर्वांत बलाढ्य युनियनांपैकी एक असलेल्या या संस्थेचे मस्टरही इतकी वर्षे अपुरे होते. मी हे हिणवण्यासाठी सांगत नाही, सावधगिरीसाठी सांगतो. आपल्याही मस्टरात कंत्राटी मजुराचे नाव शोधून पाहा.

तिसरी नोंद आपल्या अंगणातली. ते ‘अम्बा’ आपलाच आंबा. बगदादचे डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत येऊन स्थिरावले आणि बगदादी ज्यूंचा एक व्यापारी समाज येथे उभा राहिला. ससून डॉक, पुण्याचे ससून रुग्णालय, काळा घोड्याजवळचे ग्रंथालय या त्यांच्या खुणा आपल्या नित्याच्या आहेत. ससूनांनी कैऱ्या पिंपांत घालून बसऱ्याला पाठवल्या अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, मुंबई ते बसरा या व्यापाराबरोबर लोणचे गेले आणि शब्दही गेला, एवढे त्या बरणीवरून दिसते. लोणचे मुरले बगदादला आणि वाढले गेले रामत गनला. मात्र ससूनांचे नाव निघाले की मला आणखी एक मस्टर आठवते. त्याच घराण्याच्या एका शाखेच्या गिरण्यांत एका कामगाराला अधिक माग देण्याची पद्धत आली, तिच्याविरुद्ध असंतोष पेटला, आणि १९२८ सालचा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप गिरणगावाने केला. डॉकला नाव लागले ते ससूनांचे. कैरी फोडणाऱ्या, मीठ-हळद चोळणाऱ्या आणि पिंपे वाहणाऱ्या हातांचे नाव कोणत्याच वहीत नाही.

याच काळात आपले मराठी बोलणारे बेने इस्राएलही त्या देशात पोहोचले होते. वर्णावरून आणि चालीरीतींवरून त्यांच्याशी भेदभाव होतो अशी त्यांची तक्रार होती. १९५१-५२ साली त्यांच्यातील काहींनी तेल अवीवमध्ये ज्यू एजन्सीच्या कचेरीपुढे धरणे धरले आणि आम्हांला मुंबईला परत पाठवा अशी मागणी केली. सुमारे दीडशे लोक विमानाने परत आलेही. त्यांच्यापैकी बरेचसे पुढे पुन्हा गेले. विवाहाच्या बाबतीत धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयी शंका काढल्या तेव्हा त्यांनी पुन्हा लढा दिला, आणि १९६४ साली तेथील संसदेला ते सर्व दृष्टींनी ज्यू आहेत असे स्पष्ट करावे लागले. माझा मित्र म्हणाला, “मुंबईत धरणे धरायला शिकलो, ते तिथे उपयोगी पडले.” तो तेव्हा जन्मलाही नव्हता, पण ‘शिकलो’ हे क्रियापद त्याने साऱ्या समाजाच्या वतीने वापरले.

शेवटची नोंद सर्वांत अवघड. हुमुस, तिळाची चटणी, बारीक चिरलेली ती कोशिंबीर ही त्या भूमीतल्या अरबांची आणि शेजारच्या अरब देशांची रोजची जेवणे. १९४८ च्या युद्धात सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी अरब घरादाराला मुकले. रामत गनपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या याफा शहरात सत्तर हजारांच्या आसपास अरब राहत. युद्ध संपले तेव्हा चारेक हजार उरले. जवळच खैरिया आणि साकिया ही दोन अरब खेडी होती. १९४८ च्या एप्रिलमध्ये ती ओस पडली, आणि १९५० साली त्याच जागी इराकी ज्यूंसाठी छावणी उभी राहिली. आज ते ओर येहूदा नावाचे गाव आहे आणि तेथे इराकी ज्यूंच्या वारशाचे संग्रहालय आहे. एका निर्वासिताच्या ओसाड अंगणात दुसऱ्या निर्वासिताचा तंबू! बगदादच्या म्हातारीच्या दुःखाने खैरियाच्या म्हातारीचे दुःख फिटत नाही, आणि खैरियाच्या दुःखाने बगदादचे खोटे ठरत नाही. दोघींची नावे एकाच वहीत, शेजारशेजारच्या ओळींवर लिहावी लागतील. ज्याला हे लिहिणे जड जाते त्याने इतिहास लिहू नये, मस्टर तर मुळीच भरू नये.

कोणी म्हणेल, पोटभर खावे, इतका हिशेब कशाला? त्याला माझे उत्तर असे की हिशेबाने चव कमी होत नाही. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायांनी हजारो गिरणी कामगारांना जेवू घातले. त्यांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने उभी राहायला १९७५ साल यावे लागले. तोवर जेवणारा मोजला जाई, जेवू घालणारी मोजली जात नसे. रामत गनच्या त्या कट्ट्यावर एक नाव मोजले गेले आहे, सबीह हलाबीचे. त्या एका नावाच्या आधाराने उरलेली नावे मागता येतात : शुक्रवारी वांगी तळणारी बगदादची आई, हरभरा भिजत घालणारा याफाचा दुकानदार, मुंबई बंदरात पिंपे चढवणारा हमाल.

आपल्यापैकी कोणी त्या गावी गेलात तर असे एखादे दुकान शोधा, रांगेत उभे राहा, आणि दुकानदाराने “अम्बा?” असे विचारले की मराठीतच हो म्हणा. त्याला कळेल.